रेझीन का बिघडते?

काचेसारख्या पारदर्शक ठोकळ्यात बंद केलेले पिंपळाचे जाळीदार पान, किल्लीच्या साखळीला लटकणारे शेवंतीचे फूल, चकचकीत पृष्ठभागाचे लाकडी घड्याळ अशा वस्तू हल्ली बाजारात आणि शाळांच्या प्रदर्शनांतही दिसतात. त्या एपॉक्सी रेझीनच्या असतात. कृती ऐकायला सोपी आहे. एका बाटलीत रेझीन, दुसरीत हार्डनर. दोन्ही ठरलेल्या मापाने मिसळायचे, साच्यात ओतायचे आणि थांबायचे. प्रत्यक्षात मात्र ठोकळा चिकट राहतो, बुडबुड्यांनी भरतो, नाहीतर तापून तडकतो. आत ठेवलेले फूल मग परत मिळत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, ओतण्यापूर्वीच बिघाडांची कारणे समजून घेऊ.

वाळणे वेगळे, जमणे वेगळे

भिंतीचा रंग वाळतो, म्हणजे त्यातील पाणी किंवा द्रावक उडून जातो. रेझीनमधून असे काही उडून जात नाही. ते रासायनिक अभिक्रियेने जमते. रेझीनच्या रेणूच्या टोकांना तीन अणूंचे एक लहान कडे असते: दोन कार्बनचे अणू आणि एक ऑक्सिजनचा. हे कडे ताणलेले असल्यामुळे सहज उघडते. हार्डनरच्या रेणूत नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजनचे अणू असतात. असा एक हायड्रोजन एक कडे उघडतो आणि दोन रेणू एकमेकांना जोडले जातात. अशा लाखो जोडण्या होऊन सगळीकडे पसरलेले एक जाळे विणले जाते. लाख तापवली की पुन्हा पातळ होते. हे जाळे मात्र तापवून पातळ होत नाही. बिघडलेला ठोकळा वितळवून पुन्हा ओतता येत नाही, तो याच कारणाने.

चिकटपणा आणि माप

दुधाला विरजण जास्त लावले तर दही लवकर लागते. त्यावरून पुष्कळांना वाटते की हार्डनर जास्त घातला तर रेझीन लवकर जमेल. हा समज चुकीचा आहे. हार्डनर हे विरजण नव्हे. तो जाळ्याचा अर्धा भागीदार आहे. एका हायड्रोजनला एकच कडे लागते. हार्डनर जास्त झाला तर त्याचे रेणू जोडीदाराविना उरतात. कमी झाला तर कडी उघडायची राहतात. दोन्ही वेळा जाळे अपुरे राहते आणि ठोकळा मऊ किंवा चिकट होतो.

मापातली आणखी एक फसगत पाहा. समजा बाटलीवर प्रमाण आकारमानाने २ : १ असे दिले आहे. रेझीनची घनता सुमारे १.१५ आणि हार्डनरची ०.९६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरू. मग २ मिलिलिटर रेझीनचे वजन २.३० ग्रॅम आणि १ मिलिलिटर हार्डनरचे ०.९६ ग्रॅम भरते. म्हणजे १०० ग्रॅम रेझीनला हार्डनर हवा सुमारे ४२ ग्रॅम. कोणी तराजूवर १०० ला ५० ग्रॅम घेतला, तर हार्डनर जवळजवळ एक पंचमांश जास्त झाला! म्हणून प्रमाण वजनाचे की आकारमानाचे, हे बाटलीवर आधी वाचावे.

माप बरोबर असूनही ठोकळ्यात चिकट पट्टे दिसले, तर ढवळणे अपुरे झाले असे समजावे. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे. चिकट राहिलेल्या वस्तूला आधी दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवावे. तरीही चिकटपणा गेला नाही, तर मऊ भाग खरवडून काढावा आणि बरोबर मापाचा नवा पातळ थर द्यावा. चिकट थरावर नुसता हार्डनर चोळून काहीही साधत नाही.

झरीचा जानेवारी आणि झरीचा मे

रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी जानेवारीच्या पहाटे पारा १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. मे महिन्यात दुपारी तो ४० च्या पुढे जातो. फरक ३० अंशांचा, म्हणजे वेगातला फरक २ × २ × २ = ८ पट! २५ अंशांना २४ तासांत जमणारे मिश्रण १५ अंशांना सुमारे दोन दिवस घेईल. थंडीत चिकट राहिलेला ठोकळा म्हणूनच नेहमी बिघडलेला नसतो. पुष्कळदा तो फक्त उशिरा जमत असतो. मे महिन्यात उलट अडचण येते. मिश्रण ओतून होण्याआधीच दाट होऊ लागते. तेव्हा काम सकाळी लवकर करावे.

बुडबुडे

द्रवातून वर येणाऱ्या लहान बुडबुड्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि द्रवाच्या दाटपणाच्या, म्हणजे श्यानतेच्या, व्यस्त प्रमाणात असतो. २ मिलिमीटरचा बुडबुडा वर यायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या सोळापट वेळ अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्याला लागतो. तेवढ्यात मिश्रण जमले, तर तो आतच अडकतो. थंडीत रेझीन दाट असते, म्हणून बुडबुडेही जास्त राहतात. अशा वेळी रेझीनची बंद बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात उभी करावी.

लाकूड, वाळलेली पाने आणि फुले यांच्या छिद्रांतही हवा असते. त्यांवर आधी रेझीनचा पातळ हात फिरवून छिद्रे बुजवावीत. पान ओले असेल तर आतील पाण्यामुळे ठोकळा धुरकट होतो आणि पान काळे पडते. जुन्या वर्तमानपत्रांत दाबून, कागद बदलत, पान पूर्ण वाळवावे. वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडावेत. तोंडाने फुंकू नये. श्वासात वाफ असते.

पेला का तापतो?

जोडण्या होताना उष्णता बाहेर पडते. ही उष्मादायी अभिक्रिया आहे. २ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या आणि ४ सेंटिमीटरचा घ्या. दुसऱ्याचे आकारमान ८ पट, पण पृष्ठफळ फक्त ४ पट. उष्णता निर्माण होते आकारमानात आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून मोठ्या गोळ्यात ती साठते, तापमान वाढते, त्याने अभिक्रिया आणखी वेगाने होते आणि उष्णता आणखी वाढते. पेलाभर मिश्रण तसेच ठेवले तर प्लॅस्टिकचा पेला वितळू शकतो, धूरही निघतो. यावर उपाय म्हणजे थोडेच मिश्रण करावे, ते लगेच पसरट साच्यात ओतावे आणि जाड ठोकळा थराथराने करावा. पेला तापू लागलाच, तर तो हातात धरू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. मोठ्या माणसाने तो उघड्यावर मातीत ठेवावा.

पांढरी साय आणि पिवळेपणा

पावसाळ्यात जमलेल्या रेझीनवर कधी मेणचट पांढरी साय येते. हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी हार्डनरचा संयोग होऊन ती बनते. कोमट पाणी व साबण यांनी ती धुऊन जाते. न धुता वर दुसरा थर दिला, तर तो नीट धरत नाही.

पिवळेपणा येतो तो मुख्यतः सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे. तो धुऊन जात नाही. वस्तू उन्हापासून दूर ठेवणे हाच उपाय. आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याची चित्रे आठवा. १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांनी त्यांच्या रक्षणासाठी लाखेचा लेप दिला. पुढे तो लेप पिवळा-तपकिरी पडला आणि चित्रे झाकोळली. लाख एपॉक्सी नव्हे, पण धडा तोच: आज पारदर्शक असलेला थर उद्याही तसाच राहील असे धरून चालू नये. एकुलती एक वस्तू रेझीनमध्ये घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

खेळण्यापलीकडे

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या उंच भागांना तडे गेले. त्यांच्या दुरुस्तीत एपॉक्सी रेझीन दाबाने तड्यांत भरण्यात आले. पुढे धरणाला मागून काँक्रीटचा आधारही दिला गेला. माप, तापमान आणि ओलावा यांचे नियम तेथे तेच होते, जे तुमच्या साच्यात आहेत.

जपून

न जमलेले रेझीन आणि हार्डनर त्वचेला बाधतात. त्यांची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची राहते. म्हणून रबरी मोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मोठ्या माणसाला जवळ घ्यावे. हाताला लागले तर कापडाने पुसून साबणाने धुवावे. थिनर लावू नये. उरलेले मिश्रण मोरीत किंवा ओढ्यात ओतू नये, जमल्यावरच टाकावे. घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये. पाणी लावून घासावे.

करून पाहा

बाटलीची तीन झाकणे घ्या. २ : १ प्रमाणाचे रेझीन असेल, तर सुई नसलेल्या सिरिंजने पहिल्यात ४ मिलिलिटर रेझीन व २ मिलिलिटर हार्डनर, दुसऱ्यात ४ व १, तिसऱ्यात ४ व ३ असे मिसळा. तिन्ही एकाच जागी ठेवा. कोणते आधी जमेल, हे आधीच वहीत लिहा. मग तीन दिवस, रोज एकाच वेळी, काडीने दाबून पाहा आणि तापमानासह नोंद करा. हार्डनर जास्त घातलेले झाकण पहिले आले का?