ऊब कोठून येते?

मंडळी, पौष महिन्यात निफाडकडे पहाटे दात वाजू लागतात. पण आपल्याच देशात याहून कितीतरी कडक थंडी पडते. लडाखात द्रास नावाचे गाव आहे. ते समुद्रापासून १० हजार फुटांहून उंच आहे. शून्य अंशाला पाणी गोठते. द्रासला हिवाळ्यात पारा त्याच्याही खाली २० अंश उतरतो. आपल्याकडची पोरे फौजेत जातात, ती असल्या मुलखात पहारा देतात.

तिथले लोक जाड लोकरीचा पायघोळ अंगरखा घालतात. त्याला गोंचा म्हणतात. कमरेला पट्टा घट्ट बांधतात. मग वारा आत शिरत नाही.

आता आम्ही तुम्हांला एक प्रश्न विचारतो. गोधडीत ऊब असते का? नाही! ऊब आपल्या अंगाची. गोधडी ती फक्त धरून ठेवते. हे काम थरांत अडकलेली हवा करते. पिंजाऱ्याने कापूस पिंजला की जुनी दुलई पुन्हा गरम लागते. का बरे? कापूस फुगला, त्यात हवा भरली.

म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन कपडे एकावर एक घालावे. मधला लोकरीचा, वरचा वारा अडवणारा. डोके, कान, हातपाय झाका. कपडा घामाने किंवा पाण्याने ओला झाला तर लगेच बदला. ओल्या कपड्यात हवेची जागा पाणी घेते आणि ऊब झपाट्याने जाते. बूट फार आवळू नका. रक्त नीट फिरले नाही तर बोटे गारठतात.

बर्फाळ मुलखात बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नयेत. शेकोटीवरही धरू नयेत. बधिर कातडीला चटका कळत नाही. बोटे कोमट पाण्यात ठेवावी आणि डॉक्टरला गाठावे. हयगय केली तर बोटे कापावी लागतात.

दारूने थंडी पळते, असे कोणी म्हणेल. ते खोटे आहे. कातडी गरम लागते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

शेवटची गोष्ट आपल्या घरची. कोळशाची शेगडी पेटवून, दार-खिडकी लावून कधीही झोपू नका. तिच्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो. त्यापेक्षा आणखी एक गोधडी घ्या.

सांगा पाहू :
१. ओल्या कपड्यात थंडी का वाजते?
२. बधिर बोटे शेकोटीवर का धरू नयेत?
३. तुमच्या घरी रात्री शेगडी कोठे ठेवतात?