गाणी कशी वाचली?

जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. तिथे महाजनांच्या घरी १८८० साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव बहिणा. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी नांदायला आली. घरी शेती होती. कामाला अंत नव्हता. तिशीत कपाळाचे कुंकू गेले. पदरात तीन लेकरे. रडत बसायला सवड कुणाला? शेत तर पिकवायलाच हवे.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. पण हात कामाला लागले की तोंडातून गाणे निघे. दळताना गाणे, पेरताना गाणे, खळ्यात उपणताना गाणे. झाडाला सुगरणीचा खोपा दिसला, झाले त्याचे गाणे! माणसाच्या मनाचेसुद्धा त्यांनी गाणे केले. सारे आपल्या घरच्या बोलीत. तिला लेवा गणबोली म्हणतात. आपण जाते म्हणतो, त्याला त्या घरोटा म्हणत. पुस्तकातल्या शब्दांवाचून त्यांचे काही अडले नाही. आम्हाला तर वाटते, म्हणूनच त्या गाण्यांना मातीचा वास आहे.

पण तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. बहिणाबाईंची कितीतरी गाणी अशीच गेली. मग थोडी राहिली ती कशी?

त्यांचा मुलगा सोपानदेव शाळा शिकला. पुढे तो स्वतः कवी झाला. आईच्या गाण्यांचे मोल त्याला कळले. त्याने आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी ऐकली तेवढी गाणी कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे वाचून थक्क झाले. १९५२ साली पुस्तक छापून निघाले. प्रस्तावना अत्र्यांनीच लिहिली. बहिणाबाईंनी मात्र ते पुस्तक पाहिले नाही. ज्या बाईला पाटी मिळाली नाही, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले.

अशा बाया आपल्या मराठवाड्यातही झाल्या. परभणी जिल्ह्यात ताडकळस गाव आहे. तिथल्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाच्या ओव्या गात. त्यांच्या ओवीत सीता रानात रडते, तेव्हा बोरी-बाभळी बाया होऊन तिची समजूत घालतात. काट्याची झाडं, पण माया केवढी! पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांनी १९९६ साली गंगूबाईंचा आवाज यंत्रावर भरून घेतला. तो आजही ऐकता येतो.

आपल्या मुरुडकडं आता दळण गिरणीत जाते. जाते पडले कोपऱ्यात. हळदीच्या दिवशी तेवढे पुसून पुढे घेतात. पण घरातल्या आजीला विचारा, ओव्या तिच्या तोंडी असतील. तुम्हाला आता लिहिता येते. वही घ्या, आजीजवळ बसा, आणि ती म्हणेल तसेच लिहा. आजी ‘म्या’ म्हणाली तर ‘मी’ लिहू नका, ‘म्या’च लिहा. खाली आजीचे नाव घाला. तिचे माहेर कोणते, तेही घाला. पुष्कळ ओव्या तिने तिथेच, आईच्या मांडीला मांडी लावून शिकलेल्या असतात.