टिग वेल्डिंग : दोष शोधावा कसा?

वेल्डिंगच्या पाठ्यपुस्तकात शेवटी एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात दोष, उजव्या रकान्यात त्याची कारणे. परीक्षेपुरता तो पाठ करता येतो. मीही केला होता. पण कामावर उभे राहिल्यावर कळते की, 'जोडात छिद्रे पडणे' या एकाच दोषापुढे पाच-सहा कारणे लिहिलेली आहेत आणि त्यांपैकी आधी कोणते तपासावे हे तक्ता सांगत नाही. उद्यमबागेतील एका लहान कारखान्यात उमेदवारी करीत असताना तो क्रम मला चुका करूनच शिकावा लागला.

प्रथम पद्धतीविषयी थोडेसे. टिग म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. टंगस्टनचे विद्युत् अग्र आणि काम यांच्यामध्ये प्रज्योत पेटते. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून तो जोडात उतरत नाही. भरणाची तार दुसऱ्या हाताने वेगळी द्यावी लागते. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्या वेळी हेलियम वापरीत, आपल्याकडे आर्गॉन वापरतात. आर्गॉन निष्क्रिय आहे. वितळलेल्या धातूच्या डबक्यावर जागा अडवून बसणे एवढेच त्याचे काम. ती जागा त्याने सोडली की हवा आत शिरते, आणि टिगच्या बहुतेक तक्रारी तेथूनच सुरू होतात.

माझी पहिली तक्रार अशीच होती. साध्या पोलादाच्या पत्र्यावर जोड घेत होतो, आणि डबके उकळल्यासारखे होऊन जोडात टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडत होती. गॅस कमी पडतो आहे असे समजून मी प्रवाह मिनिटाला ८ लिटरवरून १२ वर नेला, मग २० वर. छिद्रे वाढली! मग विद्युत् प्रवाह कमी केला, तार बदलली, टंगस्टन पुन्हा घासले. अर्धा दिवस गेला. आमचे मिस्त्रीमामा कानडी बोलणारे, ते मागे येऊन उभे राहिले आणि वर बोट दाखवून एवढेच म्हणाले, "गाळी रे, गाळी!" कानडीत गाळी म्हणजे वारा. डोक्यावर पंखा फिरत होता. एप्रिल महिना असल्याने तो बंद करण्याचे मला सुचलेच नव्हते.

पंखा बंद केला, तरी छिद्रे पूर्ण गेली नाहीत, कारण तोवर दुसरी चूक मी स्वतःच करून ठेवली होती. लहान नॉझलमधून मिनिटाला २० लिटर गॅस सोडला तर तो शांतपणे उतरत नाही, भोवरे करतो आणि भोवती असलेली हवा आत ओढून घेतो. नळाची तोटी पूर्ण सोडली की धार पांढरी, फेसाळ होते, तसाच हा प्रकार. नेहमीच्या कामाला ७ ते १० लिटर पुरतात. हिशेबही पाहण्यासारखा आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर आर्गॉन असतो. ८ लिटरने तो साडेचौदा तास चालतो, २० लिटरने सहा तासही पुरत नाही. जास्त पैसे देऊन मी जास्त छिद्रे विकत घेत होतो.

तेव्हापासून पाळलेला क्रम असा. भंगारातला स्वच्छ घासलेला तुकडा घ्यावा आणि तार न देता त्यावर नुसती प्रज्योत धरावी. डबके आरशासारखे शांत राहिले तर गॅस व टॉर्च ठीक आहेत. दोष कामाच्या पृष्ठभागात किंवा तारेत शोधावा. तेथेही उकळले तर कामाला दोष देऊ नये, गॅसच्या वाटेने मागे मागे जावे : नॉझलला चीर आहे का, टॉर्चची मागची टोपी घट्ट आहे का, तिच्यातील रबरी कडे झिजले आहे का, नळीचे सांधे गळतात का. सांध्याला साबणाचे पाणी लावले की बुडबुडे लगेच दिसतात. गळक्या सांध्यातून गॅस बाहेर जातो एवढेच नव्हे, दमट हवाही आत येते. पावसाळ्यात हे विशेष जाणवते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी चार बदलल्या होत्या, त्यामुळे पाचवी सापडल्यावरही खात्री होईना.

टंगस्टनकडे पाहण्याची सवय मात्र सर्वांत आधी लावावी, कारण ते खरी साक्ष देते. काम थांबल्यावर टोक चांदीसारखे चकचकीत असेल तर सर्व ठीक. निळे, जांभळे किंवा काळे पडले असेल तर प्रज्योत विझल्यावर गॅस लवकर बंद होतो आहे, नाहीतर कोठून तरी हवा लागते आहे. दर १० अँपिअरला एक सेकंद गॅस मागून चालू ठेवावा असा ढोबळ हिशेब आहे. १०० अँपिअरला १० सेकंद. तेवढा वेळ टॉर्च जागेवर धरून ठेवण्याचा धीर नवशिक्याला नसतो. टोक वितळून मोठा गोळा झाला असेल तर जोडण्या उलट्या लागल्या आहेत : पोलादासाठी एकदिश प्रवाहात टॉर्च ऋण ध्रुवाला हवा. प्रज्योत इकडेतिकडे भटकत असेल तर टोक आडवे घासले गेले आहे. घासल्याच्या रेषा टोकाच्या दिशेने उभ्या याव्यात. टोक डबक्यात बुडाले तर थांबून ते पुन्हा घासावेच. 'चालेल थोडे' म्हणून कोणाचेच चाललेले मी पाहिलेले नाही. लाल खुणेच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते. ते किरणोत्सर्गी आहे आणि त्याची घासताना उडणारी धूळ श्वासातून जाऊ देऊ नये. लँथॅनम मिसळलेले, सोनेरी किंवा निळ्या खुणेचे टंगस्टन घेतले तर तो प्रश्नच उरत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचे दुखणे वेगळे. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा थर दोन हजारांहून अधिक अंशांना. म्हणून तेथे प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. त्याच्या अर्ध्या आवर्तनात हा थर फुटतो. तरी आधी ग्रीस पुसून, स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशने घासणे टळत नाही.

आता ज्या दोषाने मला खरी अद्दल घडली त्याविषयी. एका दुग्धालयासाठी स्टेनलेसच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या जोडायच्या होत्या. तोवर हात बसला होता. दोन दिवसांत चौदा सांधे केले. बाहेरून जोड असे सुरेख, की मी इतर उमेदवारांना बोलावून दाखवले. मामांनी एक सांधा उचलला आणि काही न बोलता करवतीखाली धरला.

"बाहेरनं काय बघतोस? आतनं बघ की."

आत काळी, खडबडीत, साखर करपून चिकटावी तशी कड होती. वेल्डर लोक या दोषाला 'शुगरिंग'च म्हणतात. बाहेरच्या बाजूला आर्गॉन होता, आत मात्र हवा होती. वितळलेल्या धातूतील क्रोमियम त्या हवेने जाळले, आणि क्रोमियम हेच तर पोलादाला गंजू न देणारे द्रव्य. ३०४ जातीत ते सुमारे १८ टक्के असते. त्या खडबडीत कडेत दूध अडकणार, धुऊन निघणार नाही, तेथे जंतू वाढणार आणि कालांतराने नळीही गंजणार. माझ्या सुरेख जोडातून लोकांच्या घरी जाणारे दूध वाहणार होते. तक्त्यात हा दोष होता. पण तो दिसलाच नाही तर तक्ता उघडणार कोण?

उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. नळीची दोन्ही तोंडे बंद करून एकीकडून आत आर्गॉन सोडावा. तो हवेहून जड असल्याने खालून सोडावा आणि दुसऱ्या टोकाला वरच्या कडेशी लहान भोक ठेवावे, म्हणजे हवा वर ढकलली जाऊन बाहेर पडते. ३ मीटर लांबीच्या अशा नळीत सुमारे ६ लिटर हवा मावते. तिच्या पाच-सहा पट आर्गॉन जाऊ द्यावा, म्हणजे मिनिटाला ८ लिटरने साधारण चार मिनिटे. सांध्याच्या फटीवर चिकटपट्टी लावावी आणि जोड पुढे सरकेल तशी ती काढावी. शेवटचा सेंटिमीटर जोडताना आतला प्रवाह कमी करावा. नाहीतर कोंडलेला गॅस डबके बाहेर फुंकून टाकतो. मी पहिल्याच दिवशी हेही करून पाहिले! काम झाल्यावर आतला रंग पाहावा. चांदीसारखा किंवा फिकट पिवळा असेल तर उत्तम. गडद निळा, करडा किंवा काळा असेल तर आत हवा राहिली होती.

चौदाही सांधे कापावे लागले. कापताना प्रत्येक नळी थोडी आखूड झाली, म्हणून दोन नळ्या नव्या आणाव्या लागल्या आणि माल चार दिवस उशिरा गेला. त्यानंतर मामांनी भंगारातल्या नळीचे तुकडे माझ्या टेबलाखाली आणून ठेवले. रोज सकाळी त्यांतले दोन जोडायचे, कापायचे, आत पाहायचे, आणि मगच खऱ्या कामाला हात लावायचा.