एकेका रिसेप्टरची चाल टिपा

चला, हातमोजे चढवा आणि गॉगल लावा. आज पेशीपटलावर फिरणारे ईजीएफ रिसेप्टर एकेक करून बघू. स्नॅप-टॅग लावलेला रिसेप्टर थोडाच बनवणाऱ्या सीएचओ पेशी घ्या. या पेशींत स्वतःचा ईजीएफ रिसेप्टर नसतो, त्यामुळे घोळ होत नाही.

१. ०.१७ मिमी जाडीची कव्हरस्लिप १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये २० मिनिटं सोनिकेट करा. काचेवरचा धूळकणही रेणूसारखाच चमकतो!

२. शुद्ध पाण्यात पाच-सहा वेळा खळबळा. इथे कंजुषी नको, उरलेला अल्कली पेशींना मारतो.

३. काच निर्जंतुक करा.

४. ती डिशमध्ये ठेवून तिच्यावर पेशी विरळ पेरा आणि रात्रभर इनक्यूबेटरमध्ये ठेवा.

५. सकाळी सीरम नसलेलं मीडियम घालून तीन तास थांबा. सीरममुळे रिसेप्टर आधीच जागे होतात.

६. स्नॅप-सरफेस ५४९ हा रंग १ नॅनोमोलर घालून १० मिनिटं ठेवा. तो पेशीत शिरत नाही, म्हणून हाच घ्यायचा.

७. फिनॉल रेड नसलेल्या मीडियमने तीनदा धुवा. फिनॉल रेड स्वतःच उजळतं.

८. डिश सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजवर ठेवा आणि ३७ अंशांवर स्थिरावू द्या. घाई केलीत, तर फोकस सरकत राहील.

९. ५६१ नॅनोमीटरचा लेसर मंद ठेवून त्याचा काचेवर पडण्याचा कोन हळूहळू वाढवा. आधी सगळं धूसर दिसेल. मग एकदम धुकं विरून काळ्याभोर पडद्यावर टिपटिप ठिपके उमटतील. तिथेच थांबा! आणखी पुढे गेलात, तर तेही मावळतील. स्टेजवर डोकं मात्र वाकवू नका, किरण डोळ्यांत जाईल.

१०. ठिपके मोजा. दर चौरस मायक्रोमीटरला एकाहून कमी हवेत. गर्दी असेल तर नवी काच घेऊन सहाव्या पायरीवर रंग कमी करा.

११. सेकंदाला ३० फ्रेमने २० सेकंद चित्रण करा.

१२. एका ठिपक्याची चमक तपासा. ती एकाच पायरीत विझली, तर तिथे रंगाचा रेणू एकटाच.

१३. ईजीएफ अलगद घाला, डिशमध्ये शेवटी मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम पडेल इतकं. पिपेट डिशला लागू देऊ नका.

१४. पाच मिनिटांत त्याच सेटिंगवर पुन्हा चित्रण करा. उशीर झाला की पेशी रिसेप्टर गिळू लागते.

१५. फिजी या सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकमेटमध्ये फ्रेमगणिक ठिपके जोडा. दोन फ्रेममधलं कमाल अंतर अर्धा मायक्रोमीटर ठेवा. जास्त ठेवलंत तर शेजाऱ्यांची अदलाबदल होते.

१६. दोन्ही चित्रणांतला वेग ताडून पाहा. ईजीएफ लागला की रिसेप्टर जोडीने फिरतात आणि त्यांची चाल मंदावते. रंग मोजक्याच रिसेप्टरना लागलाय, जोडीदार बहुधा अंधारात असतो. तेव्हा जोड्या डोळ्यांनी हुडकत बसू नका, मंदावलेली चाल शोधा.

१७. ईजीएफऐवजी नुसतं मीडियम घालून दुसरी डिशही तशीच टिपा. तिथेही चाल मंदावली, तर आठव्या पायरीवर परत जा.