न गळणारं धरण: प्लास्टिक शीटला कोणता ग्लू लावायचा?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नांदेडचं पोर विष्णुपुरीचं धरण करायला घेतं, लातूरचं सोळा रस्त्यांची गंजगोलाई. शीट दुकानातून कापून मिळते. घोडं अडतं ते चिकटवताना. घरात असेल ती ट्यूब पिळली जाते आणि ऐन परीक्षकांपुढे टेबल ओलं होतं. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या टेबलावर गळकी टाकी शोभत नाही. म्हणून आधी शीट ओळखा, मग ग्लू घ्या.

साहित्य (30×20×15 सेंमी टाकीसाठी)

5 मिमी पारदर्शक अॅक्रिलिक: तळ 1, लांब बाजू 2, आखूड बाजू 2. दरवाज्यांसाठी 3 मिमी सनबोर्ड. अॅक्रिलिक जोडायचं द्रावण (साइनबोर्डवाल्यांकडे मिळतं, काही जण त्याला सरळ ‘क्लोरोफॉर्म’ म्हणतात). बारीक सुईची सिरिंज, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर, कागदी टेप, गुण्या, न्यूट्रल सिलिकॉनची ट्यूब.

कृती

1. शीट ओळखा. तुकडा पाण्यात टाका. अॅक्रिलिक बुडतं. फाइल आणि बादलीचं प्लास्टिक, म्हणजे पीपी आणि पॉलिथिन, तरंगतं, हाताला मेणचट लागतं. सनबोर्डही तरंगतो, पण तो फुगवलेला पीव्हीसी आहे. कापल्या कडेला बारीक छिद्रं दिसतात. फोटोफ्रेमची स्वस्त ‘काच’ बरेचदा पॉलिस्टायरिन असते; टिचकी मारली की पत्र्यासारखी वाजते. जाळून बघू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

2. जोडी जमवा. अॅक्रिलिकला द्रावण. सनबोर्डला सनबोर्ड जोडायचा तर इन्स्टंट ग्लू किंवा पीव्हीसी पाइपचं सोल्युशन, तेही पातळ हातानं. दोन वेगळ्या शीटना सिलिकॉन किंवा दोन ट्यूबांचं इपॉक्सी. पीपी आणि पॉलिथिनवर यातलं काहीच नीट धरत नाही. तिथे स्क्रू किंवा रिबिट मारा. पांढरा फेविकॉल पाणी उडून वाळतो. दोन्हीकडे प्लास्टिक असेल तर पाण्याला वाटच नसते, तो आत ओलाच राहतो. तो कागदासाठी ठेवा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. काठचे डोंगर कागदाच्या लगद्याचे करा, तिथे फेविकॉलच लागेल.

3. कडा घासा. आधी 220, मग 400. पेपर सपाट लाकडावर गुंडाळा, म्हणजे कोपरे गोल होणार नाहीत. लेझरनं कापलेली कड तर घासाच. तशीच जोडली तर द्रावण लागताच केसासारख्या चिरा पडू शकतात. शीटवरचा कागद सांध्यापुरताच सोला.

4. कोरडंच उभं करा. बाजू तळावर ठेवून गुण्यानं काटकोन बघा आणि टेपनं धरा. सांध्यातून उजेड दिसला तर परत घासा. द्रावण फट भरत नाही.

5. द्रावण सोडा. सिरिंजमध्ये अर्धा मिली घ्या. सुई आतल्या कोपऱ्यात टेकवून सावकाश ओढत न्या. वात तेल ओढते तसा सांधा द्रावण ओढून घेतो. जिथवर ते पोचतं तिथवर पांढुरकी कड काचेसारखी स्वच्छ होते. पांढरी राहिली ती जागा कोरडी. अॅक्रिलिक इथे विरघळून एकमेकांत मिसळतं, म्हणून हा सांधा पक्का होतो. दहा मिनिटं हलवू नका. सिरिंज लगेच रिकामी करा, तिचं रबर फुगतं.

6. 24 तास थांबा, मग आतले कोपरे सिलिकॉननं ओढून घ्या. ते वाळायला आणखी एक दिवस द्या.

7. दरवाजे लावा. विष्णुपुरीला 18 दरवाजे आहेत. सनबोर्डच्या पट्ट्या सिलिकॉनच्या ठिपक्यांवर बसवा. इन्स्टंट ग्लूची वाफ पारदर्शक अॅक्रिलिकवर पांढरी धुरी धरते, ती सहजी पुसली जात नाही.

8. पाणी भरा. टाकी वर्तमानपत्रावर ठेवून दहा सेंमीपर्यंत भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कोरडा हवा.

आपल्याकडची हवा

एप्रिल-मे मध्ये द्रावण सांध्यात शिरायच्या आत उडतं, म्हणून हे काम सकाळी लवकर करा, पंख्याखाली नको. इन्स्टंट ग्लूचं उलटं: तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, कोरड्या उन्हाळ्यात वेळ घेतो. कडेवर एकदा तोंडाची वाफ सोडली की भागतं.

जपा

हे द्रावण नाकात आणि पोटात जाणं घातक आहे. उघड्या गच्चीवर किंवा ओसरीत बसा, जवळ विस्तव नको, उरलेलं पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. पाचवी पायरी मोठ्या माणसानंच करावी. घासणं, मापणं, दरवाजे मोजून लावणं पोरांवर सोडा. आणि नव्या शीटचा एक तुकडा आधी जोडून, दुसऱ्या दिवशी हातानं तोडून बघा. सांधा सोडून शीट मोडली, तर ग्लू बरोबर निवडलात.