जुन्या संगणकाची मेमरी वाढविताना



संस्थेच्या अभ्यासिकेत किंवा आपल्या घरी असलेला संगणक बहुधा नवा नसतो. नोकरीनिमित्त शहरात असलेल्या एखाद्या बांधवाने आणून दिलेला, कार्यालयाने मोडीत काढलेला, नाहीतर २००१ साली एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर गावोगाव निघालेल्या वर्गांपैकी बंद पडलेल्या एखाद्या वर्गातून स्वस्तात घेतलेला, असा तो असतो. त्याच्यावरच आपली मुले शिष्यवृत्तीचे आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी एक पान उघडायला त्याने पाच मिनिटे घेतली, तर नुकसान संगणकाचे होत नाही, विद्यार्थ्याचे होते. अशा वेळी एक जण म्हणतो, "रॅम वाढवा," आणि दुसरा म्हणतो, "भंगारात द्या." दोघांनीही डबा उघडून पाहिलेला नसतो.

सोयगावकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रॅमची पट्टी आणायची तर पाचोरा किंवा जळगाव गाठावे लागते. जिल्ह्याचे ठिकाण तर अजिंठ्याचा घाट चढून त्याहून लांब. चुकीची पट्टी आणली म्हणजे पुन्हा फेरी, पुन्हा भाडे, आणि वापरलेला माल दुकानदार परत घेईलच असे नाही. पैसा वर्गणीचा असेल तर हिशेबही द्यावा लागतो. म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, यावरच प्रस्तुत लेखात अधिक भर दिला आहे. पट्टी बसविण्याचे काम त्या मानाने फारच सोपे आहे.

मेमरी म्हणजे नेमके काय?

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. हार्डडिस्क हे कपाट आणि मेमरी म्हणजे रॅम हे अभ्यासाचे टेबल, अशी तुलना वर्गात नेहमी केली जाते व ती योग्यच आहे. परंतु टेबल आणि कपाट यांतील अंतर किती, हे सहसा सांगितले जात नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. मेमरीतील माहिती मात्र काही दशक नॅनोसेकंदांत मिळते. हा फरक दुप्पट-तिप्पट नसून हजारो पटींचा आहे. टेबलावर जागा उरली नाही की विंडोज काही सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवते आणि लागले की परत आणते. डब्यातून सतत घरघर ऐकू येते आणि माऊस अडखळतो, त्याचे कारण बहुतेक वेळा ही ने-आणच असते.

आजची मेमरी ज्या रचनेवर चालते, ती आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर मिळून एक बिट. कपॅसिटरमधील विद्युतभार सतत गळत असतो, त्यामुळे प्रत्येक बिट साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणे थांबते आणि साठवून न ठेवलेले काम नाहीसे होते. ज्यांचा अर्धा अर्ज भारनियमनात गेला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुखणे कोठे आहे?

नेहमीची कामे उघडून दहा मिनिटे संगणक चालू द्यावा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तेथे मेमरी आणि डिस्क असे दोन आकडे टक्केवारीत दिसतात. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर मेमरीच कमी पडत आहे. मेमरी ५०-६० टक्क्यांवर स्थिर आहे आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकली आहे, असे असेल तर नवीन पट्टीने काहीही साधणार नाही. तेथे जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसविणे हाच उपाय. दोन्ही आकडे वर असतील तर घाईने डिस्कला दोष देऊ नये, कारण मेमरी भरली की डिस्कवरील ताण आपोआप वाढतो. अशा वेळी आधी मेमरी पाहावी.

त्यानंतर विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे सिस्टीमच्या माहितीत पाहावे. ही पायरी बरेच जण वगळतात आणि फसतात. आपल्याकडील घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपर्यंतच मेमरी हाताळू शकते, आणि त्यातलीही प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच कामाला येते. अशा संगणकात ८ जीबी बसविली तरी वरची सारी मेमरी वाया जाते. ६४ बिटवर जायचे तर विंडोज पुन्हा नव्याने टाकावी लागते. त्यापूर्वी सर्व मजकूर पेन ड्राइव्हवर काढून घ्यावाच. जोडीला आपल्या मराठी फॉन्टचीही प्रत ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टंकलिखित केलेली जुनी निवेदने, इतिवृत्ते आणि स्मरणिका यांच्या फाइली फॉन्ट नसल्यास नुसत्या चिन्हांच्या रांगोळ्या दिसतात. १६ बिटचे अगदी जुने प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

मेमरी वाढविल्याने संगणक तरुण होत नाही, हेसुद्धा येथे नमूद करणे अगत्याचे आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी किमान मेमरी ४ जीबीच लागते, पण त्यासोबत टीपीएम २.० आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकात हे नसते व कितीही पट्ट्या घातल्या तरी येत नाही. अशा संगणकावर लिनक्स मिंट टाकून ४ ते ८ जीबी मेमरी दिल्यास अभ्यासिकेची कामे व्यवस्थित होतात, मराठी टंकलेखनही होते. नव्या मांडणीची सवय व्हायला मुलांना दोन दिवस लागतात. मोठ्यांना थोडे अधिक.

कोणती पट्टी बसेल?

ज्याला आपण सर्रास सीपीयू म्हणतो त्या डब्याची बाजूची झाकणी काढली की मदरबोर्डवर उभ्या बसविलेल्या पट्ट्या दिसतात. त्यांच्या पिढ्या आहेत. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना असतात, लांबीही तीच, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर-४ ला २८८ पिना. विजेचा दाबही उतरत गेला आहे: डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला १.५, आणि डीडीआर-४ ला १.२. एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही, आणि बळाने बसवू पाहिल्यास मदरबोर्डच निकामी होतो. काही छोट्या आकाराच्या डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपची आखूड पट्टी असते, म्हणून डबा न उघडता बाजारात जाऊ नये. जुनी पट्टी सोबत न्यावी, निदान तिच्या लेबलाचा आणि मदरबोर्डवरील नावाचा स्वच्छ फोटो तरी न्यावा.

लेबलवरील अक्षरे वाचायला शिकणे हा या साऱ्या अभ्यासाचा गाभा आहे. समजा, त्यावर "४ जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००" या अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. ४ जीबी ही क्षमता. पीसी३ म्हणजे डीडीआर-३. १२८०० म्हणजे सेकंदाला १२,८०० मेगाबाइट, हा तिचा कमाल वेग. यालाच डीडीआर-३ १६०० असेही म्हणतात. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ ची. दोन वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र बसविल्या तर दोन्ही सावकाश पट्टीच्या वेगाने चालतात. बिघडत काही नाही.

मधले "२आरएक्स८" मात्र दुर्लक्षित राहते, आणि जुन्या संगणकात तेच निर्णायक ठरते. २आर म्हणजे चिपांचे दोन गट. अशा ४ जीबी पट्टीवर सहसा दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा असतात. १आरएक्स८ पट्टीवर एकाच बाजूला ८, पण प्रत्येक दुप्पट क्षमतेची. कोअर टू ड्युओच्या काळातील जी-४१ चिपसेटचे मदरबोर्ड या दुप्पट क्षमतेच्या चिपा नीट ओळखत नाहीत. त्यामुळे ४ जीबीची नवी, चांगली पट्टी तेथे चालत नाही आणि दुकानदार व ग्राहक एकमेकांना दोष देत बसतात. जी-४१ असेल तर १६ चिपांचीच पट्टी मागावी. त्यानंतरच्या एच-६१ बोर्डावर ही अडचण येत नाही. तेथे दोन स्लॉट असून १६ जीबीपर्यंत मेमरी चालते. फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्या स्वस्त डीडीआर-३ पट्ट्याही बाजारात फिरत असतात. आपला संगणक इंटेलचा असेल तर त्या फुकट दिल्या तरी घेऊ नयेत.

किती घ्यावी? २ जीबी असेल तर किमान ४ करावी, ४ असेल तर ८. अर्ज भरणे, टंकलेखन, व्याख्याने पाहणे एवढेच काम असेल तर ८ च्या पुढचा खर्च मला तरी अनाठायी वाटतो. दोन स्लॉट असतील तर ८ ची एक पट्टी घेण्याऐवजी ४ च्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जाऊन वेग वाढतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे उत्पादन वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले. वापरलेली पट्टी घेण्यात कमीपणा नाही, मात्र पावती आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी.

बसविताना

संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कापसाच्या दिवसांत आपल्याकडे डब्यात धुळीबरोबर तंतूही साचतात, ते मऊ ब्रशने काढावेत. थंडीच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते, म्हणून पट्टी हातात घेण्यापूर्वी डब्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. पट्टी कडेला धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. स्लॉटच्या कड्या उघडून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. कड्या "टक्" आवाज करून आपोआप मिटतात. मिटल्या नाहीत तर पट्टी बसलेली नाही.

चालू केल्यावर पडदा काळा राहिला व बीप ऐकू आले तर घाबरून जाऊ नये. जुन्या पट्टीच्या पिना साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, भुगा झटकून पुन्हा बसवावी. एकेक पट्टी आलटून पालटून लावून पाहिली की दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे कळते.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. सदोष पट्टी अनेकदा पहिले दोन दिवस ठीक चालते आणि मग फाइली खराब करू लागते. म्हणून त्याच रात्री विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६+ ही मोफत चाचणी लावून ठेवावी. एकही चूक निघाली तरी पट्टी मुदतीत परत करावी. चाचणी ठीक निघाल्यास कोणत्या स्लॉटमध्ये कोणती पट्टी कधी बसविली, हे कागदावर लिहून तो कागद झाकणीच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि पावती संस्थेच्या फाइलीत लावावी. काढलेली जुनी पट्टी प्लास्टिकच्या साध्या पिशवीत टाकू नये. नव्या पट्टीच्या वेष्टनात ठेवून ती जपून ठेवावी, त्याच पिढीच्या दुसऱ्या एखाद्या संगणकाला ती कामास येते.