कॉलेजच्या मुलांना व्हिटॅमिनची गोळी : आधी काय कमी आहे ते बघा



अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या मुलांचे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "मुलगी सारखी दमलेली असते, केस गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. मल्टिव्हिटॅमिन चालू करू का? कुठली चांगली?" प्रश्न काळजीपोटीच येतो. पण गोळी कुठली घ्यायची हे ठरवण्याआधी शरीरात नेमकं काय कमी पडतंय ते कळायला हवं. आजचा पाठ त्यावरच आहे.

आपल्या नागावच्या मुलांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहा-बिस्किट, धावत मिनिडोर किंवा एसटी पकडून अलिबाग, मधल्या सुट्टीत वडापाव, मग क्लास, आणि घरी यायला संध्याकाळ. शनिवार-रविवारी कॉटेजवर पाहुणे असले की घरच्यांना हातभार लावायचा. पाहुण्यांच्या ताटात सुरमई आणि घरचं पोर मात्र बिस्किटावर, असंही काही घरांत चालतं! किनाऱ्यावर राहून ऊनही मिळत नाही, कारण अकरा ते तीन या वेळेत मुलं वर्गात असतात. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत.

आता थोडा इतिहास सांगते, वर्गात सांगायलाही चांगला आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधक मुंबईत आल्या. इथल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात गिरणी कामगार स्त्रियाही होत्या, एक गंभीर प्रकारचा रक्तक्षय व्हायचा. विल्सबाईंनी आधी या बायका काय खातात ते पाहिलं. अन्नातच काहीतरी कमी आहे असं लक्षात आल्यावर एकेक पदार्थ देऊन बघितला. शेवटी गुण आला तो यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला तो घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. आज गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीचं मूळ असं मुंबईत आहे.

या गोष्टीचा दुसरा भाग पालकांनी नीट वाचावा. फोलेट कमी झालं काय किंवा ब-१२ कमी झालं काय, रक्तक्षय सारखाच दिसतो. ब-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळ्यांना बरं वाटतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा हे त्याचे परिणाम. उशीर झाला तर सगळं भरून येईलच असं नाही. म्हणून "गोळीच आहे, घेऊन बघू" हे मला पटत नाही.

आणि ब-१२ ची कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरांत जास्त! कारण ब-१२ वनस्पतींत नसतं. ते मासे, अंडी, मांस, दूध, दही यांतूनच मिळतं. याच गटाने पुढे पुणे जिल्ह्यातल्या गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पाहिलं आणि तेवढ्यानेही रक्तातली पातळी सुधारली. दुकानात मात्र १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात. मोठी मात्रा खरी कमतरता निघाल्यावर उपचारासाठी असते, रोजच्या "ताकदीसाठी" नाही.

मुलींच्या बाबतीत लोहाकडे आधी बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. सरकारी योजनेतली आठवड्याची निळी गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, १९ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. ती मळमळते म्हणून दप्तरातच राहते, हे आपण शिक्षक जाणतोच. जेवणानंतर घ्यायला सांगा, पण चहाबरोबर नको. चहातलं टॅनिन लोह शरीरात शोषू देत नाही. लिंबू किंवा आवळा जोडीला असला तर उलट फायदाच.

मग करायचं काय? आधी साधी रक्त तपासणी, सीबीसी. हिमोग्लोबिन मुलींमध्ये १२ आणि मुलांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. त्याच रिपोर्टमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो. तो कमी असेल तर बहुधा लोह कमी, वाढलेला असेल तर ब-१२ किंवा फोलेटचा संशय. दोन्ही कमी असली तर आकडा मधोमध येऊन फसवतो, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचाच. अलिबागचं जिल्हा रुग्णालय काही लांब नाही.

घरात मासे खात असाल तर महागड्या डबीआधी बाजारात जा. बांगडा आणि तारली हे सुरमईपेक्षा स्वस्त, आणि त्यांतून ब-१२ भरपूर, शिवाय थोडं ड जीवनसत्त्वही मिळतं. शाकाहारी घरात रोज दूध-दही हवंच, आणि मूल तेही टाळत असेल तर ब-१२ ची गोळी खरोखरच लागू शकते. त्यात कमीपणा काही नाही. बाकी पावटा, शेवग्याचा पाला, नाचणी हे आपल्याकडचंच आहे. पण या पदार्थांनी ब-१२ भरून निघेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

केसांसाठीच्या गमी सध्या मुलींत फार चालतात. त्यात बायोटिन असतं, आणि त्याने थायरॉइडच्या तपासणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी डॉक्टरांना सांगायला विसरू नका. मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ते जास्तीचं ब-२ बाहेर पडत असतं, म्हणजे आपलेच पैसे! अ, ड, ई, के मात्र असे सहज बाहेर पडत नाहीत, ते शरीरात साठतात.

शिक्षकांसाठी एक उपक्रम. मुलांना घरातल्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या आणि पाकिटं आणायला सांगा. कुठल्या डबीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" अशी इंग्रजी सूचना आहे, ते शोधू द्या. ते पूरक अन्न. ज्यावर औषध परवाना आहे ते औषध. दोन्ही वेगळी लावा. मग फळ्यावर गणित घाला : ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट, आणि डॉक्टर साधारण आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच देतात ती पुडी ६०,००० युनिटची. एका पुडीत किती दिवसांची गरज? उत्तर १०० येईल. आता विचारा, कुणी ही पुडी रोज एक घेतली तर महिन्याला किती दिवसांचा साठा होईल? हे गणित मुलांनी वहीत लिहून घरी दाखवावं, पालकांची सही घेऊन.